सदतीस पूर्णांक शून्य

फॉइल काढून ट्रे उजेडात धरला आणि आधी लेबल वाचलं. मला वाटलं, चुकून निरोगी उंदराचाच मेंदू उचललाय.

आमच्या स्ट्रोकच्या प्रयोगशाळेत निकाल डोळ्यांना दिसतो. मेंदूचे दोन मिलिमीटर जाडीचे काप टीटीसीच्या द्रावणात अंधारात वीसेक मिनिटं ठेवायचे. जिवंत पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातली एन्झाइम्स त्या बिनरंगी टीटीसीचं लाल रंगद्रव्य करतात. मेलेला भाग पनीरसारखा पांढरा राहतो. औषध न दिलेल्या आठही उंदरांत हा पांढरा भाग असा होता की चष्मा न लावताही दिसावा. या ट्रेमध्ये तो नखाएवढा. आणि हा औषध दिलेला सलग सहावा उंदीर होता.

हा स्ट्रोक आम्हीच घडवतो. उंदराच्या मानेतल्या धमनीतून बारीक नायलॉनचा दोरा वर सरकवायचा, टोकाला सिलिकॉनचा थेंब. अठरा-वीस मिलिमीटर आत गेला की बोटांना किंचित अडल्यासारखं लागतं. तिथे थांबायचं. आणखी रेटलं तर रक्तवाहिनी फुटते. हे ‘किंचित’ हाताला कळायला मला दीड वर्ष लागलं आणि त्यात किती उंदीर गेले ते मी सांगणार नाही. नव्वद मिनिटांनी दोरा काढायचा. दुसऱ्या दिवशी उंदीर लुळ्या बाजूला गोल गोल फिरतो.

रक्त थांबलं की पेशींचं इंधन, एटीपी, संपतं, सोडियम बाहेर काढणारे पंप बंद पडतात, ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन सांडतं आणि पेशींत कॅल्शियम घुसतं. गाभ्यातल्या पेशी लवकर जातात, पण कडेच्या काही तास तग धरून असतात. त्या वाचवायच्या, म्हणून आमचं अँटिऑक्सिडंट. ते खरेदीच्या फायलीत चार महिने अडकलं होतं. तोवर हातावर हात ठेवून कोण बसणार, म्हणून बिनऔषधाचे सगळे उंदीर आधीच उरकून घेतले. चिठ्ठ्या टाकून, आलटून-पालटून करायला हवं होतं. हे एमएस्सीच्या मुलांना मीच शिकवते.

त्या दुपारी सर इतके खूश होते की त्यांनी सगळ्यांना वडापाव मागवला. मी एक ॲनिमल हाउसमधल्या काकांना नेऊन दिला. ते म्हणाले, “मॅडम, तुमची ती गरम गादी दुरुस्त कधी करणार? हात लावावा तर गार.”

“कधीपासून?”

“गुरुपौर्णिमेच्या आधीपासून. सांगितलं होतं की त्या दुसऱ्या मुलाला.”

औषधाचा पहिला उंदीर मी गुरुपौर्णिमेनंतर केला होता.

भूल दिलेला उंदीर स्वतःचं शरीर गरम ठेवू शकत नाही. आमच्या खोलीत एसी वीसवर असतो. मेंदू दोन-तीन अंशांनी गार झाला तरी पेशी वाचतात, हे मायामीतल्या गटाने १९८७ मध्येच दाखवलंय. पुढे एमके-८०१ या औषधाने पेशी वाचतात म्हणून गाजावाजा झाला. १९९० मध्ये जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यावर तपासल्यावर कळलं की औषधाने प्राणी गार पडत होते आणि पेशी वाचवत होती ती थंडी. दोन्ही गोष्टी मला तोंडपाठ होत्या. माझ्या सेमिनारमध्ये त्यांवर एक स्लाइडही होती.

वही काढली. तापमानाच्या रकान्यात ओळीने ३७.०, ३७.०, ३७.०. अक्षर माझंच. गुदद्वारातून तापमान मोजणाऱ्या प्रोबची वायर कधीची तुटलेली. गादीच्या कंट्रोलरवर दिसतो तो आपणच लावलेला आकडा, आणि मी तोच उतरवत होते. जिवंत प्राण्याचं तापमान चौदा वेळा दशांशापर्यंत सारखं कसं येईल, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. वहीवर सही करणाऱ्यांनाही नाही.

सर गप्प झाले. मग म्हणाले, “फरक इतका मोठा आहे, सगळाच थंडीचा कसा असेल?” खरं असेलही. पण किती औषधाचा आणि किती एसीचा, हे त्या लाल कापांवरून सांगता येत नाही. परिषदेला पोस्टरचा गोषवारा पाठवून झाला होता. तो मागे घ्यायला सरांनी आठवडा लावला. २००६ मध्ये एका आढाव्यात स्ट्रोकवरच्या एक हजार सव्वीस उपायांची मोजदाद झाली होती. प्रयोगशाळेत कितीतरी चालले, माणसांत पेशी वाचवणारं त्यातलं जवळपास काहीच टिकलं नाही. हे वाचताना मी नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी निष्काळजीपणाचा विचार करत असे.

मला अजून छळतं ते वेगळंच. त्या सहा उंदरांचे मेंदू खरोखर वाचले होते. काप खोटे नव्हते. फोनमधला त्यांचा फोटो मी पुसलेला नाही.

आता नवा प्रोब आहे. कुठल्या उंदराला काय द्यायचं त्याच्या चिठ्ठ्या काका स्टीलच्या वाटीतून काढतात. बाटल्यांवर नुसते ‘अ’ आणि ‘ब’, आणि यादी त्यांच्या कपाटात कुलूपबंद. पाच झालेत. पांढरा भाग कुणात मोठा, कुणात लहान. रकान्यात ३६.८, ३७.१, ३६.९, ३७.२, ३६.७.