मशीन इकडेच आणा

हॉटेलात जेवण उरकलं की लांब उभ्या असलेल्या वेटरला आपण हवेत सही करून दाखवतो. बोटांत नसलेलं पेन, तळहातावर नसलेला कागद आणि एक झोकदार रेघ. वेटरला ते बरोबर कळतं. खरं तर हल्ली बिलावर सही कोणी करत नाही, पण खूण टिकली. फक्त तो जवळ आला की आपण आणखी एक वाक्य बोलतो, "कार्ड आहे, मशीन इकडेच आणा." हे वाक्य असं बिनधास्त म्हणायला आपल्याला बरीच वर्षं लागली.

पूर्वी पैशाचा विषय टेबलावर निघायचाच नाही. मुंबईत इराण्याकडे चहा आणि ब्रून-मस्का संपवून माणूस दाराकडे निघाला, की वेटर उभ्या जागेवरून गल्ल्यावरच्या शेठला आकडा ओरडून सांगायचा. कागद नाही, पेन्सिल नाही. तुम्ही कितीचं खाल्लंत हे अख्ख्या हॉटेलाला ऐकू जायचं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. पुढे फॅमिली रूम आली, एसी हॉल आला, आणि आकड्याचा आवाज खाली गेला. तो काळ्या रेक्झिनच्या फोल्डरमध्ये शिरला, वर बडीशेप आणि खडीसाखर. यजमानाने फोल्डर किंचित उघडून आत डोकावायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, नोटा सरकवायच्या आणि मिटवायचं. पत्ते खेळणाऱ्या माणसालाही इतकी काळजी घ्यावी लागत नाही.

गंमत म्हणजे कार्डाचा जन्मच मुळी हॉटेलातल्या बिलापायी झाला. न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅकनमारा या गृहस्थाने 1950 साली डायनर्स क्लब काढला. जेवण झाल्यावर पाकीट घरी राहिल्याचं लक्षात आलं आणि त्या फजितीतून कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. ती जाहिरातीसाठी रचलेली होती, असंही सांगतात. मला दुसरं जास्त पटतं, कारण पाकीट विसरलेला माणूस कंपनी काढत नाही, बायकोला फोन करतो. पहिली कार्डं पुठ्ठ्याची होती. प्लॅस्टिक, त्यावर उठावाचे आकडे आणि ते आकडे कार्बन कागदावर छापणारं ते खटकन सरकणारं यंत्र नंतर आलं.

आपल्याकडे कार्ड नवीन होतं तेव्हा वेटर ते फोल्डरमध्ये घालून घेऊन जायचा. कुठे जायचा, कोण जाणे. आतल्या बाजूला एक झुलतं दार असायचं, त्याच्यामागे कार्ड दिसेनासं व्हायचं आणि आपण इकडे टूथपिक कोरत शांत बसायचो. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी माणसं आम्ही, पण बँकेतल्या सगळ्या शिलकेची किल्ली एका अनोळखी माणसाच्या हाती देऊन निवांत असायचो. त्या वेळच्या कार्डांच्या पाठीवर नुसती काळी पट्टी होती. तिच्यावरची माहिती कधी बदलायची नाही, त्यामुळे मुठीत मावेल एवढ्या यंत्रातून एकदा सरकवली की नक्कल तयार. चिप आली तेव्हा हे थांबलं, कारण चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, तो चोरून पुन्हा वापरता येत नाही. नुसती पट्टी असलेली कार्डं 2018 संपेपर्यंत बदलून द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं.

पण मधला काळ खरा बहारीचा होता. 1 डिसेंबर 2013 पासून दुकानात डेबिट कार्ड वापरताना पिन सक्तीचा झाला. नियम आला, पण बऱ्याच हॉटेलांत मशीन होतं गल्ल्यावर, वायरने भिंतीला बांधलेलं. मग वेटर कार्ड घेऊन जायचा, अर्ध्या वाटेवरून परत यायचा आणि अदबीने विचारायचा, "सर, पिन?" आणि सर सांगायचे! खणखणीत आवाजात, एकेक आकडा सुटा करून. वेटर बिलाच्या मागच्या बाजूला तो लिहून घ्यायचा. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब ऐकायचं. आपल्या टेबलावरची मुलं तर ऐकायचीच, आणि बापाचा पिन म्हणजे थोरल्याचं जन्मसाल आहे हे कळून धाकटा रुसायचा.

ब्रिटनमध्ये 2006 च्या फेब्रुवारीपासून पिन असाच बंधनकारक झाला आणि तिथल्या वेटरांच्या हाती बिनतारी मशीन आलं. उठून गल्ल्यापर्यंत जायचं की मशीनने यायचं, एवढाच प्रश्न होता. मशीनला पाय फुटले हे बरं झालं. आपल्याकडेही सिमकार्ड घातलेली मशीनं आली आणि वेटर ती कमरेला लावून हिंडू लागले. तळघरातल्या हॉटेलांत अजून पंचाईत होते. वेटर मशीन उंच धरून खिडकीकडे जातो, एसीखाली उभा राहतो, मग परत येऊन म्हणतो, "रेंज येत नाहीये, जरा काउंटरला येता?" म्हणजे जिथून निघालो तिथेच.

या सगळ्यात मला कौतुक वाटतं ते वेटरच्या मानेचं. तो मशीन आपल्यासमोर धरतो, "अमाउंट बघून घ्या" म्हणतो, आणि आपण पहिलं बटण दाबायच्या आत त्याची मान वळलेली असते. पंख्याकडे, माशांच्या टाकीकडे, कुठेही. हे त्याला कोणी शिकवलं असेल असं वाटत नाही. शिवाय वेळ अचूक लागते. फार लवकर वळला तर आपण बटण चुकतो आणि त्याला हाक मारावी लागते, उशिरा वळला तर आपणच ओशाळून हाताचा आडोसा करतो. पाच हजारांपर्यंतचं बिल हल्ली नुसतं कार्ड टेकवून भागतं, 2021 पासून मर्यादा तेवढी आहे. ज्यांना टॅप म्हणणं जमत नाही ते "वायफायचं कार्ड" म्हणतात. तिथे पिन नाही. तरी चांगला वेटर सवयीने मान वळवतोच.

बिल कोणी द्यायचं या आपल्या राष्ट्रीय खेळाचे नियम मात्र मशीनने बदलले. पूर्वी हात धुवायच्या निमित्ताने उठून गल्ल्यावर पैसे भरून येणारा जिंकायचा. नाहीतर मेहुण्याने वेटरच्या शर्टाच्या खिशात नोटा कोंबायच्या, साडूने त्या काढायच्या, आणि बिचाऱ्या वेटरने दोन्ही हात वर करून उभं राहायचं. आता मशीन टेबलाच्या मध्यावर येतं आणि तीन कार्डं एकदम पुढे होतात. "अहो भावजी, असं नाही चालायचं." "तुम्ही आमच्या गावात आलाय." वेटर मिनिटभर हे चालू देतो आणि मग शांतपणे एक कार्ड उचलतो. मी बरेचदा निरखून पाहिलंय, तो सहसा सगळ्यात कमी आवाज करणाऱ्याचं उचलतो. त्याला अनुभवाने ठाऊक असतं की ज्याला खरंच द्यायचं आहे तो ओरडत नाही.

ऑफिसातल्या पोरापोरींना हा ताप नाही. त्यांच्यात बिल समान वाटलं जातं आणि मशीन आरतीच्या तबकासारखं सगळ्यांपुढून फिरतं. ज्याने फक्त ताक घेतलं तो थोडा गप्प असतो, एवढंच.

अमेरिकेत अजून वेगळा थाट आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी कोणाकडे पाहुणे म्हणून गेलेले आपले काका-काकू तिथल्या हॉटेलात हबकतात, कारण तिथे अजूनही बऱ्याच ठिकाणी कार्ड फोल्डरमधून आत जातं आणि पावतीसह परत येतं. पावतीवर टिपसाठी कोरी रेघ असते. तिथे रक्कम लिहायची, बेरीज करायची, सही ठोकायची आणि निघून जायचं. वाढीव पैसे मागाहून त्याच कार्डावर चढतात. कार्ड कंपन्यांनी 2018 मध्ये सहीची सक्ती काढली, पण टिपची रेघ गेली नाही म्हणून सहीही राहिली. इतक्या सुधारलेल्या देशात हे कसं चालतं, असं काकांना वाटतं. टिपेवर घर चालवणाऱ्या तिथल्या वेटरला विचारलं तर तो सांगेल.

आपला वेटर या बाबतीत नाडला जातो. रोखीच्या काळात सुटे परत आले की त्यातले काही फोल्डरमध्ये आपोआप राहायचे. कार्डात सुटे नाहीत. सर्व्हिस चार्ज परस्पर लावू नये, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते उचलून धरलं, तेही रास्तच. पण मग वेटरला देणार काय? पाकिटात कार्डं चार, पन्नासची नोट एकही नाही. लोक "पुढच्या वेळी नक्की हं" म्हणतात. मशीनवर जास्त रक्कम टाकली तर ती मालकाच्या खात्यात जाते आणि तिथून तिने पुढचा प्रवास केलाच तर नशीब. मी तरी टिपेसाठी वेगळ्या नोटा ठेवते आणि त्या फोल्डरमध्ये नाही, हातात देते.

साध्या खाणावळींत मशीनही मागे पडलंय. भिंतीवर क्यूआर कोड, गल्ल्यावर बोलका डबा. आमच्या जावईबापूंनी परवा मोठ्या शिताफीने डाव साधला. सासरे हात धुवायला गेलेत हे पाहून गुपचूप गल्ल्यावर गेले, फोन धरला, आकडा मनातसुद्धा उच्चारला नाही. पण जुन्या इराणी वेटरचा गळा त्या डब्याला लाभलाय. "एक हजार सातशे चाळीस रुपये प्राप्त झाले," तो स्वच्छ मराठीत गरजला.

मोरीपाशी नळ बंद झाला. "किती?" आमचे हे ओल्या हातांनी तिथूनच ओरडले. "त्या चार फोडी पनीरचे?"