आभारांची यादी

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५. रात्री साडेअकरा.

सात नंबरनं आज आमच्या अमेरिकन कॉलेजच्या महिला सॉकर संघात यायची सही केली. शाळेच्या जिममध्ये टेबल, त्यावर आमच्या रंगाची टोपी, दोन्ही बाजूंना आईबाबा. फोटोखाली आभार मानलेत: देव, आईबाबा, दोघे भाऊ, क्लबचे कोच, फिजिओ आणि आमच्या हेड कोच. मी, त्यांची असिस्टंट, ती यादी तीनदा वाचली. एवढीशी गोष्ट, पण रात्री जेवण गेलं नाही.

पोरीवर राग नाही. सतराव्या वर्षी कुणाकुणाचं नाव घ्यायचं, हे कुणाला सुचतं? मग चुटपुट कसली लागलीय?

शाळकरी मुलींच्या क्लबांच्या मोठ्या स्पर्धेत एकाच वेळी वीस-वीस मैदानांवर सामने चालतात. आम्ही कॉलेजवाले घडीच्या खुर्च्या टाकून कडेला बसतो. मुलींशी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. बघायचं ते वॉर्म-अपपासून. बॉल पायाशी येण्याआधी ती किती वेळा मान वळवून बघते, पहिला टच मोकळ्या जागेत जातो की अंगाखालीच अडकतो, बॉल गेल्यावर पहिली तीन पावलं कुणीकडे पडतात. बदली झाल्यावर बाकावर कशी बसते, तेही. चूक होते ती बहुतेक नंबरात. शनिवारी सात घातलेली मुलगी रविवारी दुसऱ्या रंगाच्या जर्सीत सतरा होते, आणि छापील यादीवर विसंबलं की शेरा भलतीच्याच नावापुढे पडतो. म्हणून बुटांचा रंग आणि केसांची रिबनही लिहून ठेवायची.

दहावीचं वर्ष संपल्यावर येणाऱ्या १५ जूनच्या आधी फोन नाही की मेसेज नाही, असा नियम आहे. त्या मध्यरात्री बारा वाजले की सगळीकडून मेसेज सुटतात. सात नंबरला पहिला फोन हेड कोचनी केला, आणि तसाच करायचा असतो. समोरचं टिपण माझं होतं: डावा घोटा दोनदा दुखावलाय, नर्सिंग शिकायचंय, आजीवर फार जीव आहे. आजीची विचारपूस झाली तेव्हा ती रडली म्हणे.

पैशांचं गणितही आमच्याचकडे असायचं. गेल्या वर्षीपर्यंत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यांत वरच्या गटाच्या, महिला संघाला १४ शिष्यवृत्त्या होत्या. त्या तीसेक मुलींत वाटायच्या, कुणाला निम्मी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकं. या जूनमध्ये कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यात कोर्टात तडजोड मंजूर झाली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांना आता शिष्यवृत्तीची मर्यादा नाही, पण संघात २८ च जणी ठेवता येतात. एकोणतिसावीला कोण सांगणार? तो फोन मी केला. त्याबद्दल आज नाही लिहिणार.

तर नाव. सारखं तिथंच येतंय मन.

सामन्यात माझ्या हातात बदलीचा कागद असतो. कॉलेजच्या सॉकरमध्ये पहिल्या हाफात बाहेर आलेली मुलगी त्या हाफात परत जात नाही. दुसऱ्या हाफात एकदा परत जाता येतं. म्हणजे पंचविसाव्या मिनिटाला दोन मिडफिल्डर एकदम बसवल्या आणि तिसरीचा स्नायू आखडला, की उरलेली वीस मिनिटं बॅकला मधे खेळवायची वेळ येते. त्यामुळे आम्ही एकीला काढतो, पाच मिनिटं थांबतो, मग दुसरीला. हे नीट जमतं तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं की गॅलरीतल्या बापांनाही दिसतं.

आठवड्याला वीस तासांच्या वर सराव नको, दिवसाला चारच्या वर नको, सामन्याचे तीन तास धरायचे, एक दिवस पूर्ण सुट्टी. या नोंदीही मीच ठेवते. माझ्या स्वतःच्या तासांची नोंद कुठंच नाही. तरी मला पगार आहे. २०२३ च्या जुलैपर्यंत डिव्हिजन वनमध्ये ‘स्वयंसेवक कोच’ हे अधिकृत पद होतं, आणि हेच सगळं करून घरचं भाडं शनिवार-रविवारच्या क्लबच्या कामातून निघायचं. आणि आजही हेड कोच गेल्या की बहुधा आम्हीही जातो. वरच्या मजल्यावर सोमवारी काय बोलणं झालं, ते अजून कळलेलं नाही.

गेल्या वर्षी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाचे हेड कोच अॅन्सन डोरन्सनी ऑगस्टमध्ये, मोसमाच्या अगदी तोंडावर निवृत्ती घेतली. एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची, २१ विजेतेपदं त्यांच्या नावावर. हंगामी म्हणून पुढं आले ते त्यांचेच असिस्टंट, डेमन नाहास. डिसेंबरमध्ये केरी गावातल्या अंतिम सामन्यात वेक फॉरेस्ट विद्यापीठाला १-० हरवून बाविसावं आणलं. त्या रात्री मला भरून आलं होतं. आधीच्या त्या सगळ्या वर्षांत नाहासनी किती कॉर्नर आखले असतील, व्हिडिओच्या किती क्लिपा कापल्या असतील, तेच डोळ्यांपुढे येत होतं.

मघाशी उठून जुनी फाइल काढली. डिसेंबर २०२३, मैदान १४, पावसानं शाई फुटलेली. तिच्याबद्दल एवढंच लिहिलंय: ‘७. डावा पाय. नारिंगी बूट. बॉल गमावला, चाळीस यार्ड मागं धावून परत घेतला. पुन्हा बघणे.’ नाव नाही. नावाची जागा कोरी आहे. नंतर कधीतरी ते मी दुसऱ्या कागदावर लिहिलं असणार. पण त्या दिवशी मला ती नुसती सात होती, आणि तरीही परतीच्या वाटेवर विमानतळापर्यंत माझ्या डोक्यात तीच होती.

बघून जरा शांत वाटलं. मऊ भात लावलाय.

सकाळी घोट्याचे रिपोर्ट फिजिओकडे पाठवायचे. उन्हाळ्याच्या व्यायामाच्या तक्त्यात डाव्या पायाचं संतुलन वाढवायचं, रोज दोन वेळा, तीस-तीस सेकंद, आधी डोळे उघडे आणि मग मिटून. तिला अभिनंदनाचा मेसेजही करायचा राहिलाय.