निगेटिव्ह स्कॅनिंग: पिवळ्या पट्ट्याचं मूळ सापडलं

जुन्या फिल्मच्या निगेटिव्हचे मी कॅमेऱ्याने फोटो काढतो आणि ते संगणकावर उलटवून खरं चित्र मिळवतो, त्यात कडेला येणारा पिवळा पट्टा अखेर गेला! मागच्या वेळी हर्णैची जी फ्रेम दाखवली होती, मागे सुवर्णदुर्ग, वर आकाश आणि खाली वाळूत उभे आजोबा, ती आता या कडेपासून त्या कडेपर्यंत स्वच्छ आली आहे. आजोबांचं धोतर फ्रेमच्या खालच्या कडेला अगदी टेकलेलं आहे. आधीच्या प्रत्येक स्कॅनमध्ये ते हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखं दिसायचं. काल रात्री पहिल्यांदा पांढरं दिसलं, तेव्हा आईला झोपेतून उठवून दाखवलं.

सेटअप तोच आहे: निकॉनचा डी७२०० कॅमेरा, ५५ मिमी मायक्रो-निकॉर (जवळून फोटो घ्यायची लेन्स), तिला आणखी जवळ नेणारी पीके-१३ रिंग, कॅमेरा टांगायला जुन्या बाजारात मिळालेला एन्लार्जरचा खांब आणि निगेटिव्हच्या खाली ९५ सीआरआयचं (रंग खरे दाखवणारं) एलईडी पॅनल. पॅनल पूर्ण ब्राइटनेसवरच ठेवतो, कमी केलं की आडव्या रेघा येतात. पट्ट्याशी संबंध नसलेला बदल एकच, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडणारं छिद्र) एफ/८ वरून एफ/५.६ वर आणलं. ३६ मिमीची फ्रेम २३.५ मिमीच्या सेन्सरवर बसवायची म्हणजे मॅग्निफिकेशन ०.६५ च्या आसपास, आणि तिथे एफ/८ प्रत्यक्षात एफ/१३ सारखं वागतं, म्हणजे छिद्र फार लहान आणि चित्र मऊ. ५.६ वर ग्रेन (फिल्मचा दाणा) लख्ख दिसतो. ही जुनी लेन्स या कामाला जितकी चांगली आहे तितकी दुप्पट किमतीची नवीनही क्वचित असेल, असं माझं ठाम मत आहे.

आता पट्ट्याचं. तो फक्त लांब बाजूंना यायचा, म्हणजे फिल्म पुढे सरकवायची स्प्रॉकेटची भोकं आहेत त्या बाजूंना. आकाशात आणि पांढऱ्या कपड्यांवर ठळक, सावलीच्या भागात जवळजवळ नाहीच. मागच्या वेळी तुमच्यापैकी बहुतेकांचा संशय लेन्सच्या व्हिन्येटवर, म्हणजे कोपऱ्यांत प्रकाश कमी पडण्यावर होता. पण व्हिन्येट असता तर कोपऱ्यांत दिसला असता, शिवाय निगेटिव्हचा हिशेब उलटा असतो. स्कॅनमध्ये कोपरे काळवंडले की पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे उलटवलेल्या चित्रात, ते उजळतात. माझा पट्टा गडद होता. म्हणजे तिथे प्रकाश कमी नाही, जास्त पडत होता.

दुसरा संशय डेव्हलपिंगचा. टाकीत फिल्म जोरात हलवली की डेव्हलपर भोकांमधून उसळतो आणि भोकांच्या शेजारी निगेटिव्ह जास्त दाट होते. पण दाट निगेटिव्ह म्हणजे पॉझिटिव्हमध्ये उजळ फराटे, गडद नव्हे. आणि हे रोल लॅबच्या मशीनमधून निघालेले, हाताने हलवलेले नाहीत. खात्री करायला इंदू या जुन्या भारतीय फिल्मची एक ब्लॅक अँड व्हाइट पट्टी लावून पाहिली. तिच्यातही पट्टा होताच, फक्त पिवळा नाही, राखाडी आणि पुसट. वेगळी फिल्म, वेगळी केमिस्ट्री, जागा मात्र तीच.

इथून गुंता सुटायला लागला. भोकांमधून पॅनलचा प्रकाश कुठेही न अडता, थेट वर येतो. फिल्म धरणाऱ्या होल्डरची खाच चकचकीत प्लॅस्टिकची आहे. तिच्या भिंतींवर आपटून तो प्रकाश फ्रेमच्या कडेवर सांडतो. रंगीत निगेटिव्हला नारिंगी मास्क (फिल्ममध्येच असलेली नारिंगी छटा) असतो आणि तो निळा प्रकाश अडवतो, म्हणून कॅमेऱ्याच्या कच्च्या (रॉ) फाइलमध्ये निळा चॅनेल आधीच सगळ्यांत अशक्त. माझ्या हिस्टोग्रामवर तो लालपेक्षा दोन स्टॉप तरी मागे, म्हणजे त्याच्या चौथ्या हिश्शाएवढाच असतो. भोकातून आलेल्या प्रकाशाला मास्क आडवा येत नाही, त्यामुळे त्याची भर प्रमाणात सगळ्यांत जास्त निळ्यावर पडते. स्कॅनमध्ये निळं वाढलं की पॉझिटिव्हमध्ये घटतं, आणि निळं घटलं की पिवळं. आकाश निगेटिव्हमध्ये सगळ्यांत दाट, तिथून मुळात प्रकाशच कमी येतो, म्हणून थोडीशी भेसळही तिथे लगेच उठून दिसते.

पुरावा हवा होता. टाकाऊ पट्टीच्या एका बाजूची भोकं काळ्या इन्सुलेशन टेपने बुजवली आणि फ्रेम घेतली. टेप लावलेल्या बाजूचा पट्टा गायब, दुसरा जिथल्या तिथे. (चांगल्या निगेटिव्हला टेप कधीही लावू नका, गोंद निघत नाही.)

आणि मग हेही उलगडलं की रॉथेरपी या सॉफ्टवेअरमधलं फ्लॅट-फील्ड (नुसत्या पॅनलचा फोटो घेऊन कडेचा अंधार दुरुस्त करायची सोय) इतके दिवस का चालत नव्हतं. फ्लॅट-फील्ड हा भागाकार आहे. लेन्सने कडेला प्रकाश काही टक्क्यांनी कमी केला असेल तर तो ते अचूक भरून काढतो. सांडलेला प्रकाश ही बेरीज आहे. मूळ सिग्नल कितीही असो, वर तेवढीच भर. म्हणून सावल्या सुधारायला जावं तर आकाश बिघडायचं आणि आकाश सुधारावं तर सावल्या. हा प्रकाश लेन्सच्या अलीकडेच अडवायला हवा, नंतर कुठलाही स्लायडर कामाला येत नाही.

तर भोकं झाकून फक्त चित्र उघडं ठेवणारा कागदी मास्क. ऐकायला सोपं, पण मापं बघा. फिल्म ३५ मिमी रुंद, चित्र २४ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेपाच मिमी. त्यात भोकं. भोकाची आतली कड आणि चित्राची कड यांत उरतात जेमतेम ०.७ मिमी. मास्कची कड त्या फटीत बसली पाहिजे. जाड कार्डपेपरने जमलं नाही, कारण जाडीमुळे फिल्म उचलली जाते आणि तिरका प्रकाश खालून आत शिरतो. शेवटी अप्पा बळवंत चौकातून आणलेला पातळ काळा मॅट कागद, स्टीलची पट्टी आणि कटरचं कोरं पातं. खिडकी २४.६ बाय ३७ मिमी. फिल्मची चकचकीत बाजू कागदावर, इमल्शनची (चित्र असलेली, मंद) बाजू कॅमेऱ्याकडे, चित्र नंतर सॉफ्टवेअरमध्ये आरशासारखं डावं-उजवं उलटवायचं. खाचेच्या भिंतींना शाळेच्या फळ्याचा काळा रंग दिला. खोलीतला दिवा बंद.

मास्क लावल्यावर कोपऱ्यांत जो किंचित उजळपणा उरला, तो खरोखर लेन्सचा होता. तो फ्लॅट-फील्डने एका क्लिकमध्ये गेला. त्याच सॉफ्टवेअरमध्ये फिल्म निगेटिव्हचं टूलही आहे आणि सगळं फुकट. पैसे भरून प्लगइन घ्यायच्या आधी हे नक्की वापरून बघा.

मास्कची एक अडचण आहे. कडेला छापलेलं फिल्मचं नाव आणि फ्रेम नंबर झाकले जातात, आणि चित्र उलटवताना लागणारा बेसचा, म्हणजे कोऱ्या फिल्मचा, रंग उचलायला जागा उरत नाही. म्हणून प्रत्येक पट्टीचा आधी एक शॉट मास्कशिवाय घेऊन ठेवतो. दोन फ्रेममधला कोरा नारिंगी भाग त्यात मिळतो.

पुढचा बेत महागडा होल्डर मागवायचा होता. तो रद्द. त्याऐवजी लिहिता लिहिता वेगळंच सुचलंय. निळा चॅनेल इतका मागे असेल तर पॅनलवर नाटकाच्या लाइटवाल्यांकडचं फिकट निळसर जेल (रंगीत पारदर्शक कागद) टाकलं तर? पट्ट्यासाठी त्याचा उपयोग शून्य, कारण सांडणारा प्रकाशही त्याच जेलमधून येईल. पण निळ्यातला नॉइज (सेन्सरची खरखर) कमी होईल. आकाशात जो खरखरीत दाणा दिसतो त्यातला बराचसा ग्रेन नसून हा नॉइजच आहे, असा माझा अंदाज आहे. एक्स्पोजर लांबेल, म्हणजे कॅमेरा हलू नये म्हणून मिरर-अप (आतला आरसा आधीच वर करणं) आणि रिमोट लागणारच, आणि रस्त्यावरून बस जात असताना थांबावं लागेल. बाबांच्या यशिका एमएफ-२ कॅमेऱ्याचे रोल बाजूला ठेवलेत, हे जेल करून पाहिल्याशिवाय त्यांना हात लावत नाही.

दरम्यान आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या १२० आकाराच्या (रुंद फिल्मच्या) निगेटिव्ह घेतो. त्यांना भोकं नाहीत, पण कडेने प्रकाश सांडतोच, म्हणून मास्क तिथेही लागेल, खिडकी ५६ बाय ५६ मिमी. एवढी मोठी खिडकी पातळ कागदात हाताने सरळ कापणं कठीण आहे. पुण्यात कुणी लेझरवर कागद कापून घेतला असेल तर कड जळून तपकिरी होते का, ते सांगा. तसं होत असेल तर मी कटरनेच कापेन.