काजूच्या पिशवीपासून सेपरेटरपर्यंत: आमची वाटचाल

कुडाळ एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप सुरू झालं ते पिशव्यांच्या जिवावर. वेंगुर्ला, सावंतवाडीकडच्या काजू कारखान्यांना छापील लॅमिनेटचे रोल कापून द्यायचो. रोल कापायचं स्लिटिंग मशीन जुनं, त्यात खारी हवा. रोलर सतत गंजायचे. दुरुस्तीला पाठवायचे म्हणजे फोंडाघाट चढून कोल्हापूर, आणि तोवर मशीन बंद. म्हणून लेथ घेतली. आधी स्वतःचे रोलर, मग शेजाऱ्यांचे, असं करत करत रोलर हाच धंदा झाला आणि पिशव्या मागे पडल्या.

लिथियम बॅटरीवाले आले ते कोरोनानंतर. त्यांच्या एका पायलट लाइनवर, म्हणजे चाचणीपुरत्या छोट्या उत्पादन लाइनवर, सेपरेटरला चुण्या पडत होत्या. सेपरेटर म्हणजे ॲनोड आणि कॅथोडच्या मधला पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा सच्छिद्र पडदा: आयन जाऊ द्यायचे, पण दोघांना एकमेकांना टेकू द्यायचं नाही. काजूच्या पिशवीची फिल्म शंभर मायक्रॉनच्या आसपास. हा असतो 10 ते 20. समोर धरून बोललं तरी हलतो.

तिथल्या इंजिनिअरांनी तोडगा काढून ठेवला होता: ताण वाढवायचा. फिल्म एकदम सपाट. आमचे मेस्त्री मशीनभोवती फिरून आले नि म्हणाले, "सायबानू, चुणी गेली म्हणतास, पण ती गेली खंय?"

ती जात होती पुढे, भट्टीत. ताणून गुंडाळलेल्या फिल्ममध्ये तो ताण तसाच राहतो. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारा द्रव, भरण्याआधी सेल व्हॅक्युममध्ये गरम करून सुकवतात. पॉलिथिलीन वितळायला 130 अंशांच्या पुढे जावं लागतं, पण आखडायला ते त्याच्या बरंच आधी लागतं. तिथे ताण सुटतो आणि चुणी सेलच्या पोटात पडते, जिथे कोणाचा हात पोचत नाही.

इंजिनिअरांनी एक चार्ज केलेला सेल आर्गॉन वायू भरलेल्या बंद पेटीत, ग्लोव्ह बॉक्समध्ये, उघडून दाखवला. पूर्ण चार्ज झालेलं ॲनोडचं ग्रॅफाइट सोनेरी दिसतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या सोनेरी पट्टीवर चुणीच्या जागी काळी रेघ होती, म्हणजे तिथे लिथियम पोचलंच नव्हतं. रेघेच्या कडेला करडा थर, म्हणजे तिथे ते ग्रॅफाइटमध्ये न शिरता धातू होऊन वरच साचलेलं. हा साचलेला धातू वाढत जाऊन सेपरेटरच्या पार गेला की आतच शॉर्ट.

चुणी तिरकी होती. तिरकी चुणी दिसली की मेस्त्री फिल्मकडे बघतच नाहीत, रोलरकडे बघतात. चालती फिल्म पुढच्या रोलरवर काटकोनातच जायला बघते. रोलर जरासा तिरपा असला की ती बाजूला ओढली जाते. ओली साडी दोघींनी धरून झटकताना एक जण बाजूला सरकली की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चुण्या पडतात, तसंच. चालीच्या दिशेत सरळ पडणाऱ्या चुण्यांची गोष्ट वेगळी: ताण जास्त असतो, नाहीतर रोलची एक कड मुळातच सैल आलेली असते. मीटरला 0.02 मिलिमीटर दाखवणारी लेव्हल त्यांनी एकेका रोलरवर ठेवली. चुणी दिसत होती वाइंडिंगपाशी, म्हणजे शेवटी फिल्म गुंडाळतात तिथे. तिरपा निघाला तो बराच मागचा रोलर, ब्रॅकेटखालची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, निसटलेला. शिम बसवली, मग ताण उतरवला, आणि चुणी परत आली नाही. फिल्मच्या पुरवठादाराला मात्र तोवर भरपूर शिव्या खाऊन झाल्या होत्या.

आमचं आजचं मुख्य काम यातूनच निघालं. इतक्या पातळ फिल्मवर जड रोलर फिरवण्याचा भार टाकून चालत नाही. म्हणून आम्ही पातळ भिंतीचे ॲल्युमिनियमचे रोलर बनवतो, वर हार्ड ॲनोडायझिंगचा कडक थर, बेअरिंगमध्ये ग्रीसऐवजी हलकं तेल. गंजाचा प्रश्नही त्यात मिटला.

चाचणीचं मशीन आम्ही इथेच उभं केलं आणि कोकणच्या हवेने वेगळाच पेच टाकला. पावसाळ्यात इथे फिल्म शहाण्यासारखी चालते, कारण दमट हवेत स्थिर वीज साठत नाही. गिऱ्हाइकाच्या ड्राय रूमचा, म्हणजे बॅटरी जुळवायच्या कोरड्या खोलीचा, दवबिंदू उणे 40 अंशांच्या आसपास, म्हणजे हवेत ओल जवळजवळ नाहीच. तिथे तीच फिल्म रोलरला चिकटते आणि नव्या चुण्या पाडते. आता मशीन बंद खोलीत आहे, डीह्युमिडिफायर चालू. तेवढी कोरडी हवा आम्हाला परवडणारी नाही, म्हणून फिल्मवरची स्थिर वीज घालवणाऱ्या आयोनायझर बारची अंतिम जुळवणी गिऱ्हाइकाकडे जाऊनच करतो.

पैशांचं म्हणाल तर 2006 चा लघुउद्योगांचा कायदा जास्तीत जास्त 45 दिवसांत द्या म्हणतो. मोठी गिऱ्हाइकं रोलरचं ड्रॉइंग बारकाईने वाचतात, कायदा नाही.

काम पाठवायचं असेल तर चुणीचा फोटो आधी पाठवा, टॉर्च आडवी धरून काढलेला, फिल्म कुठल्या दिशेने चालते त्याचा बाण काढून. ताणाची सेटिंग हलवण्याआधीचा हवा. आणि गणपतीत फोन करू नका. मेस्त्री उचलणार नाहीत, मीसुद्धा नाही.