मानेची शेक सुरू होण्याआधी: दात, दाढी आणि पेज

डोके-मानेच्या कॅन्सरची शेक, म्हणजे रेडिएशन (किरणोपचार), साधारण 6 ते 7 आठवडे, आठवड्याला 5 दिवस. पण पहिली धाव दातांच्या डॉक्टरकडे. गोव्यात बांबोळीला डेंटल कॉलेज आहे, तिथे दाखवता येतं. किडलेला, हलणारा दात काढायचाच असेल तर आधी काढा. जखम भरायला निदान दोन आठवडे हवेत. नंतर काढला तर शेकलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम भरत नाही, हाड सडू शकतं. हे टाळाटाळीचं काम नव्हेच.

मग शेक घेताना डोकं हलू नये म्हणून मुखवटा. जाळीदार प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात. ऊबदार, ओला, पण भाजत नाही. काही मिनिटांत तो घट्ट होतो. जाळीतून श्वास नीट घेता येतो. दाढी आदल्या दिवशीच काढा. नंतर दाढी वाढली किंवा वजन उतरलं की मुखवटा बसत नाही, कधी पुन्हा सीटी स्कॅन करून नवा करावा लागतो.

म्हणून वजन सांभाळायचं. हुमण (माशाची तिखट आमटी), सोलकढी, लोणचं तोंडाला झोंबेल. पेजेत तूप, मऊ शिजवलेलं अंडं, काटे काढलेला मासा चालतो. 1 लिटर पाण्यात 1 लहान चमचा मीठ, 1 लहान चमचा खायचा सोडा घालून दिवसातून बऱ्याचदा गुळण्या करा. अल्कोहोलचा माउथवॉश नको. गिळणं फार अवघड होईलसं वाटलं तर डॉक्टर पोटात अन्न देण्याच्या नळीबद्दल बोलतील. घाबरून नकार देऊ नका. तंबाखू, दारू मात्र आजच बंद.