रिकाम्या डिस्कवरची चाचणी

३० जून २०२४ ला सेंटओएस लिनक्स ७ या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट कायमचे बंद झाले. त्या आधीच्या उन्हाळ्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांची नुसती धांदल उडाली होती. माझ्याकडे पश्चिम महाराष्ट्रातल्या काही रुग्णालयांचे सर्व्हर होते. सीटी, एमआरआय, एक्स-रे साठवणारी आणि डॉक्टरांच्या पडद्यावर उघडून देणारी पॅक्स यंत्रणा त्यांवर चालते. मांडणी बहुतेक ठिकाणी एकसारखी. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बूट कार्डावर दोन छोट्या एसएसडींचा मिरर (दोन्हींवर तेच लिहिलेलं), आणि स्कॅनसाठी रेड कंट्रोलरमागे, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या कार्डामागे, काही टेराबाइटची मोठी जागा. लिनक्सला यातली प्रत्येक गोष्ट एकेक डिस्क म्हणून दिसते. जुनी सिस्टिम पुसून अल्मालिनक्स ९ ही नवी सिस्टिम घालायची, मोठ्या डिस्कला मात्र बोटही लावायचं नाही, असं काम होतं. बॅकअप होता, पण काही टेराबाइट परत भरून होईपर्यंत एखाद्या पेशंटचा मागचा स्कॅन मागितला गेला तर डॉक्टरांना काय सांगायचं, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नसे.

गावोगावी इंजिनिअर पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून किकस्टार्ट. ज्यांचा याच्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो: किकस्टार्ट ही साधी मजकुराची फाइल. इन्स्टॉलर भाषा, टाइमझोन, डिस्क, पासवर्ड, पॅकेजं असे जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं तिच्यात आधीच लिहून ठेवलेली असतात. फाइल पेनड्राइव्हवर ठेवून त्या पेनड्राइव्हला ‘ओईएमडीआरव्ही’ हे लेबल दिलं, की अ‍ॅनाकोंडा हा इन्स्टॉलर ती आपण होऊन उचलतो. रुग्णालयातल्या कॉम्प्युटर विभागातल्या माणसाने पेनड्राइव्ह लावायचे आणि मशीन चालू करायचं, बस्स. सोय मोठी आहे, आणि धोकाही त्याच सोयीत आहे. हाताने इन्स्टॉल करताना डिस्क निवडायच्या पानावर माणूस क्षणभर तरी थांबतो. इथे थांबणारं कुणी नसतं.

फाइल माझ्याकडे आधीच्या टीमकडून आलेली होती, सेंटओएस ७ च्या काळातली. केएसव्हॅलिडेटर या तपासणीच्या साधनाला आवृत्ती ९ सांगितल्यावर त्याने कालबाह्य झालेले आदेश दाखवले. पासवर्डच्या पद्धतीचा जुना आदेश जाऊन आता ऑथसिलेक्ट आला आहे, घड्याळ जुळवणारे एनटीपी सर्व्हर टाइमझोनच्या ओळीतून निघून टाइमसोर्स या वेगळ्या आदेशात गेले आहेत. हे सगळं तासाभरात उरकलं. व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली कॉम्प्युटरवर, इन्स्टॉल सुरळीत झालं, लॉगिन आलं. कागदोपत्री चाचणी पूर्ण.

टीममध्ये नुकतीच आलेली एक मुलगी शेजारी बसून सगळं टिपून घेत होती. तिने विचारलं, “सर, इथे लिहिलंय की फक्त एसडीए ही डिस्क वापरायची आणि ती पूर्ण पुसायची. पण एसडीए म्हणजे बूट कार्डच, हे फाइलला कसं कळतं?”

एसडीए हे फक्त लिनक्सने एका डिस्कला दिलेलं नाव. त्यामागे कुठली डिस्क आहे हे फाइलला कळत नाही, आणि कळावं अशी सोयही तिच्यात नव्हती. शिवाय व्हर्च्युअल मशीनची डिस्क सहसा व्हीडीए नावाने येते, म्हणून चाचणीपुरतं एसडीएचं व्हीडीए करायचं आणि नंतर परत बदलायचं, अशी सूचना त्या फाइलच्या डोक्यावरच कुणीतरी लिहून ठेवली होती. म्हणजे तपासली जाणारी फाइल वेगळी, रुग्णालयात जाणारी वेगळी. आणि तपासणीही एकुलत्या एका कोऱ्या डिस्कवर, जिथे पुसून जाण्यासारखं काहीच नाही.

तिला म्हटलं, आता आपण खरोखरच्या सर्व्हरसारखं मशीन उभं करू. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कला आपल्या मनासारखा सिरियल नंबर देता येतो. दोन स्काझी डिस्क केल्या, म्हणजे नावं एसडीए, एसडीबी अशीच येतात. एकीचा नंबर ‘ओएस’, दुसरीचा ‘डेटा’. डेटा डिस्कवर एक्सएफएस फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) करून पेशंटची नावं काढून टाकलेले नमुन्याचे स्कॅन भरले, प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी बदलणारा ठसा, काढून यादी बाहेर जपून ठेवली. मग मुद्दाम डिस्कांचा क्रम उलटा केला, डेटा आधी आणि ओएस नंतर. किकस्टार्ट फाइलमधलं एक अक्षरही बदललं नाही.

इन्स्टॉल छान झालं. एकही एरर नाही, एकही इशारा नाही. मशीन रीबूट झालं, लॉगिन आलं. तिने डिस्कांची यादी दाखवणारा एलएसबीएलके हा आदेश चालवून सिरियल नंबरचा रकाना मागवला आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. ‘डेटा’ डिस्कवर बूट, बूट-ईएफआय आणि रूट अशी नवी कोरी विभागणी बसली होती. ‘ओएस’ डिस्क रिकामी होती. नमुन्याचे सगळे स्कॅन गेले होते. लॉगमध्ये मात्र सगळं यशस्वी.

यावर एक आक्षेप रास्त होता, आणि तो आमच्या मॅनेजरांनी घेतला: क्रम तुम्हीच उलटा केलात, खऱ्या मशीनवर असं कशाला होईल? म्हणून गोदामातला त्याच मॉडेलचा एक सर्व्हर टेबलावर आणला, पेनड्राइव्ह लावले आणि इन्स्टॉलरच्या शेलमध्ये जाऊन डिस्कांची नावं पाहिली. एसडीए म्हणजे बूट कार्ड. रीबूट केलं, तेच. पुन्हा केलं, तेच. मॅनेजर उठून जायच्या बेतात होते, तेवढ्यात पुढच्या बूटला एसडीए म्हणून मोठी डिस्क आली. त्यानंतर कधी हे, कधी ते. मॅनेजर परत खुर्चीत बसले आणि सगळी रुग्णालयं थांबवा म्हणाले.

कारण तसं गूढ नाही. एसडीए, एसडीबी ही नावं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने वाटतो, आणि ती कायम राहतील अशी हमी कधीच नव्हती. जुन्या कर्नलमध्ये शोध एकामागून एक चाले, त्यामुळे नावं सहसा तीच येत आणि लोकांनी ती पक्की धरली. नव्या कर्नलमध्ये शोध समांतर चालतो, आधी उत्तर देणाऱ्या डिस्कला आधी नाव. सेंटओएस ७ च्या काळात वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेली ओळ ९ वर आली की नाणेफेक होते. याबद्दल मला फार पोटतिडकीने बोलावंसं वाटतं, कारण कमीजास्त फरकाने याच ओळी असलेल्या फाइली आजही किती ठिकाणी कॉपी होत असतील याचा मला अंदाज आहे.

दुरुस्ती ‘प्री’ विभागात केली. या विभागातली स्क्रिप्ट डिस्कवर काहीही लिहिलं जायच्या आधी चालते. स्क्रिप्ट बूट कार्डाचं मॉडेल शोधते. ते मॉडेल असलेली बरोबर एक डिस्क सापडली, आणि तिचा आकार अपेक्षेइतकाच असला, तरच तिचा बाय-आयडीचा, म्हणजे क्रमावर नव्हे तर डिस्कच्या ओळखीवर ठरणारा, पक्का पत्ता एका छोट्या फाइलमध्ये लिहिते. मुख्य किकस्टार्ट ती फाइल आत घेते. एकही सापडली नाही किंवा दोन सापडल्या, तर स्क्रिप्ट एररने बाहेर पडते. प्री विभागाला ‘एरर-ऑन-फेल’ लावलेलं असल्याने इन्स्टॉल तिथेच थांबतं. हा पर्याय आठवणीने लावावा लागतो. नाही लावला तर स्क्रिप्ट पडली तरी इन्स्टॉलर पुढे जातो. इन्स्टॉल झाल्यावर चालणाऱ्या ‘पोस्ट’ विभागाचंही तेच. टेबलावरच्या सर्व्हरचं नेटवर्क काढून पाहिलं, तर देखरेखीचा एजंट नोंदला न जाताच इन्स्टॉल ‘पूर्ण’ होत होतं. तिथेही तोच पर्याय आणि लॉग लावला.

डेटा असलेली डिस्क चाचणीत आल्याचा आणखी एक फायदा झाला, जो कोऱ्या डिस्कवर स्वप्नातही दिसला नसता. दुरुस्तीनंतरच्या चाचणीत सगळे एसएचए जुळले, स्कॅन जसेच्या तसे, तरी पॅक्सची सेवा ते वाचेना. जुन्या सिस्टिमवर सेवेच्या युजरचा नंबर १००१ होता, नव्या सिस्टिमने त्याला १००० दिला. फाइलसिस्टिमला नाव कळत नाही, नंबर कळतो. युजरच्या ओळीत नंबर ठरवून दिला आणि काम झालं. नाहीतर रुग्णालयात रात्री दोन वाजता हे शोधत बसायला लागलं असतं.

मग मोहीम सुरू झाली. बहुतेक ठिकाणी सुरळीत झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एका रुग्णालयात मात्र रात्री तिथल्या माणसाचा फोन आला: “साहेब, लाल अक्षरात काहीतरी आलंय आणि पुढे सरकत नाही.” त्यांना म्हटलं, दादा, फोटो पाठवा. फोटोत आमच्याच स्क्रिप्टचा मजकूर होता: बूट कार्ड सापडलं नाही, काहीही पुसलेलं नाही, थांबलो आहे.

पेनड्राइव्ह काढून मशीन चालू करायला सांगितलं. जुनं सेंटओएस जसंच्या तसं उठलं आणि पॅक्सही सुरू झालं. मी पुण्यातून आत शिरून पाहिलं. तिथलं बूट कार्ड कधीतरी बिघडलं होतं, आणि दुरुस्तीला आलेल्या कुणीतरी रेड कंट्रोलरवरच एक छोटी जागा वेगळी काढून सिस्टिम तिच्यावर घातली होती. आमच्या यादीत याची नोंदच नव्हती. छोटी डिस्क आणि स्कॅनची डिस्क, दोघींचं मॉडेल एकच. एसडीएवर भरवसा ठेवला असता तर त्या रात्री कुठली पुसली गेली असती, हे नशिबावर होतं.

त्या रात्री तिथे इन्स्टॉल केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने चाचणीच्या मशीनमध्ये हीच मांडणी उभी केली: एकाच मॉडेलच्या दोन डिस्क, बूट कार्ड गायब. चालू सर्व्हरवरून सिस्टिमच्या डिस्कची कायमची ओळख वाचून ती त्या ठिकाणच्या किकस्टार्टमध्ये घालायची सोय तिनेच लिहिली. क्रम उलटा, सुलटा, पेनड्राइव्ह आधी, पेनड्राइव्ह नंतर, असं सगळं फिरवून एसएचएची यादी प्रत्येक वेळी जुळली, तेव्हा आम्ही त्या रुग्णालयाला पुन्हा तारीख मागितली.