कूलरचा पंखा, सोनाराचा काटा आणि गाडीची शेपटी

मागची नोंद दिवाळीच्या आसपासची, आणि तिच्यात फुशारकीच जास्त. विंड टनेल, म्हणजे गाडीवरून वारा सोडून मोजमाप करायचं खोकं, तयार आहे, आता फक्त आकडे घ्यायचे, असं मी लिहून बसलो होतो. त्यानंतर तीन महिने आकडे सोडून बाकी सगळं मिळालं: पंख्याचा आवाज, आईची बोलणी आणि अंगठ्यावर कटरचा एक काप.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. घर नागपुरात, म्हणजे लोखंडी डेझर्ट कूलर आलाच. दिवाळी ते होळी तो गच्चीवर ताडपत्रीखाली पडून असतो आणि त्याचा १८ इंची पंखा माझ्या ताब्यात असतो. होळी झाली की पंखा परत कूलरमध्ये, ही आईची अट. तिच्यात सूट नाही. या पंख्यासमोर १:१८ मापाची स्पोर्ट्स कार ठेवायची, तिच्या शेपटीला वेगवेगळ्या उंचीच्या पट्ट्या लावायच्या आणि मागचा स्पॉयलर, म्हणजे गाड्यांच्या शेपटीवर असते ती पट्टी, नेमकं काय करतो ते स्वतःच्या हाताने मोजायचं, एवढाच उद्योग. गाडी कुठल्या कंपनीची नक्कल नाही. मीच काढली, एका इंजिनिअरिंगच्या पोराकडून प्रिंट करून घेतली. लांबी २५ सेंटीमीटर, समोरून दिसणारं क्षेत्रफळ ६२ चौरस सेंटीमीटर.

गाडी ज्यात ठेवायची ते पहिलं खोकं मोडावं लागलं. ते २२ बाय २२ सेंटीमीटरचं होतं, म्हणजे गाडीनेच १३ टक्के वाट अडवलेली. बाजूने निसटायला जागा नसली की हवा चिंचोळ्या फटीतून जोरात पळते आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा गाडीला मागे ओढणारा जोर, फुगवून दाखवते. ही अडवणूक ५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी हे मला माहीत होतं, पण प्लायवूडचा तेवढाच तुकडा घरात होता! नवं खोकं ३२ बाय ३२ चं आहे, अडवणूक ६ टक्के. याहून मोठं केलं असतं तर पंख्याला दम लागला असता.

दुसरी चूक त्याहून बाळबोध. मी पंखा गाडीच्या पुढे ठेवून हवा फेकत होतो. पंख्यातून निघालेली हवा गोल फिरत येते, त्यामुळे गाडीच्या डाव्या बाजूला एक वारा आणि उजव्या बाजूला दुसरा. आता पंखा मागे आहे आणि हवा ओढतो, खरं तर कूलरमध्येही तो तेच करतो. तोंडाशी कागदी स्ट्रॉची जाळी आहे. इतवारीतल्या ठोक दुकानातून साडेनऊशे स्ट्रॉ आणल्या आणि प्रत्येकीचे तीन तुकडे केले. अंगठा तेव्हाच कापला. दुकानदाराने विचारलं, "रसवंती टाकून राहिले का भाऊ?" मी हो म्हणालो. खरं सांगत बसलो असतो तर तासभर गेला असता.

मोजायला सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा आहे, ५०० ग्रॅमचा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. गाडीची मागची चाकं दोन बारीक खांबांवर उभी आहेत. खांब खोक्याच्या तळातल्या भोकांतून खाली उतरतात आणि काट्यावर टेकतात. पंखा सुरू झाला की काट्यावरचं वजन जेवढं घटेल तेवढी मागची लिफ्ट, म्हणजे हवेचा गाडीला वर उचलणारा जोर. पुढच्या चाकांसाठी तीच मांडणी उलटी. ड्रॅगसाठी गाडी वेगळ्या दांड्यावर बसते, दांडा मध्ये खिळ्यावर झुलतो आणि त्याचं खालचं टोक काट्याला रेटतं. पंख्याची थरथर काट्यात उतरत होती, म्हणून काटा वेगळ्या स्टुलावर गेला आणि स्टुलाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे आले.

वारा सेकंदाला ९ मीटर, म्हणजे ताशी जेमतेम ३२ किलोमीटर. गाडी लहान आणि वेगही कमी, त्यामुळे रेनॉल्ड्स आकडा (हवेचा प्रवाह कसा वागेल ते वेग आणि लांबीवरून सांगणारा) खऱ्या गाडीच्या मानाने फार खाली राहतो. साडेचार मीटरच्या खऱ्या गाडीचा १२० च्या वेगाला जो आकडा येतो, त्याच्या सुमारे पासष्टावा भाग. शिवाय खऱ्या रस्त्यावर गाडीखालची जमीन मागे पळत असते, माझी स्थिर आहे. म्हणून माझे आकडे खऱ्या गाडीला तसेच्या तसे चिकटवायचे नाहीत. पट्टी लावल्याने आणि काढल्याने पडणारा फरक तेवढा बघायचा.

आता मुद्द्याकडे. जानेवारीत आधी धागे लावले. लोकरीचे दोन-दोन सेंटीमीटरचे तुकडे छतापासून शेपटीपर्यंत टेपने चिकटवले. माझ्या गाडीची शेपटी साबणाच्या वडीसारखी गोल होती, कारण मला ती तशी आवडली. धागे त्या गोलाईला चिकटून थेट खाली बंपरपर्यंत वळलेले दिसले. दिसायला फार छान, पण भानगड तिथेच आहे. वक्र पृष्ठावरून चिकटून वळणारी हवा त्या पृष्ठाला स्वतःकडे ओढते आणि मागचा भाग वर उचलला जातो. पट्टी नसताना ड्रॅग १०.९ ग्रॅम, मागची लिफ्ट ५.१ ग्रॅम, पुढची २.६. मागची पुढच्याच्या जवळजवळ दुप्पट.

मग मला १९९८ ची ऑडी टीटी आठवली. तिची मूळ शेपटी अशीच गोल आणि बिनपट्टीची. जर्मनीच्या ऑटोबानवर ताशी १८० च्या वर अचानक लेन बदलताना काही गाड्या फिरल्या, गंभीर अपघात झाले. शेवटी ऑडीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, दिली. पुढच्या टायरची पकड आधी सुटली तर गाडी वळायला कुरकुरते, सरळ जाऊ पाहते, आणि चालकाला ते कळतं. मागची आधी सुटली तर शेपूट पुढे यायला बघते. घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलावा तर वजन पुढे जातं आणि मागचं चाक आणखी हलकं होतं. वेगातली स्थिरता म्हणतात ती पुढच्या-मागच्या पकडीतल्या या हिशेबावर उभी असते. किती किलो दाब मिळाला ही नंतरची गोष्ट.

फेब्रुवारीचे सगळे रविवार पट्ट्यांत गेले. जुन्या प्लास्टिक फाइलचं कव्हर कापून उभ्या पट्ट्या केल्या, शेपटीच्या अगदी कडेला डबल टेपने लावल्या, प्रत्येक उंचीचं माप पाच वेळा घेतलं.

३ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या गाडीवर साडेपाच सेंटीमीटर: ड्रॅग १०.७, मागची लिफ्ट ३.२. ड्रॅग कमी झाला! दहा वेळा टेप काढून परत लावली, तरी कमीच. ६ मिलिमीटरला ड्रॅग ११.०, लिफ्ट १.९. इथपर्यंत सौदा फायद्याचा. १० मिलिमीटरला ड्रॅग १२.३, लिफ्ट १.३. १५ मिलिमीटरला ड्रॅग १४.२ वर गेला आणि लिफ्ट ०.९ वर अडकली. शेवटच्या ५ मिलिमीटरने लिफ्ट ०.४ ग्रॅमने उतरवली आणि त्यासाठी जवळजवळ २ ग्रॅम ड्रॅग वसूल केला.

पहिल्या ३ मिलिमीटरला ड्रॅग का घटला? पट्टी नसताना हवा गोल शेपटीवरून खाली घसरत जाते आणि मागे मोठी, ओढणारी पोकळी सोडते. कडेला छोटा अडथळा आला की हवा एका ठरलेल्या रेषेवर सुटते आणि बंपरमागची ओढ थोडी सैल होते. पट्टी उंच केली की ती स्वतःच वाऱ्यात भिंत होऊन उभी राहते आणि मागची पोकळी पुन्हा वाढते. पोर्शच्या १९७२ मधल्या ९११ कॅरेरा आरएस २.७ ची ती प्रसिद्ध बदकाची शेपटी याच खेळातली. तिने मागची लिफ्ट मोठ्या प्रमाणात घटवली आणि कमाल वेग पडण्याऐवजी थोडा वाढला. त्याआधी १९६१ मध्ये फेरारीच्या रिची गिंथरने रेसिंग स्पोर्ट्स कारच्या शेपटीला अशीच छोटी पट्टी लावून बघितली होती. उलट टोकाला २००५ ची बुगाटी वेरॉन. ताशी ३७५ पर्यंत ती नेहमीच्या मांडणीत जाते, पण ४०७ गाठायचे तर गाडी आणि मागचं विंग (शेपटीवर उचलून धरलेला आडवा पंख) दोन्ही खाली बसवावे लागतात. तिथे चालकाला दाब कमी झालेला चालतो, ड्रॅग चालत नाही.

खऱ्या गाडीचा हिशेब मांडला आणि जरा हिरमोड झाला. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे. समोरचं क्षेत्रफळ २ चौरस मीटर आणि मागच्या लिफ्टचा गुणांक (गाडीच्या आकारामुळे किती लिफ्ट येते ते सांगणारा आकडा) ०.२ धरला तर १२० ला मागचा एक्सल सुमारे २५ किलोने हलका होतो. चांगल्या स्पॉयलरने गुणांक ०.०५ वर आणला तर ६ किलोने. १९ किलो वाचले. मागच्या एक्सलवर ७०० किलो असतील तर हा फरक तीन टक्केही नाही. २४० ला मात्र सगळं चौपट होतं, १०० किलोची लिफ्ट २५ वर येते आणि ते चालकाला जाणवतं. लिफ्ट वेगाच्या वर्गात वाढते, ड्रॅग ओलांडायला लागणारी ताकद घनात. उंच विंगने ड्रॅगचा गुणांक नुसता ०.०३ ने वाढला तरी १२० ला सव्वा किलोवॅट जातो, २४० ला जवळजवळ १० किलोवॅट.

हे आमच्या पिंट्याला सांगितलं. त्याला त्याच्या हॅचबॅकच्या डिकीवर हातभर उंच विंग बसवायचं आहे. "काऊन बे, रेसच्या गाड्यांना काय उगाच लावून राहिले का ते?" तो म्हणाला. त्याची गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह. विंग मागच्या एक्सलच्याही मागे बसतं, म्हणजे ते शेपटी खाली दाबताना सीसॉसारखं पुढचं टोक वर उचलतं. माझ्या गाडीतही ते दिसलं: १५ मिलिमीटरच्या पट्टीला पुढची लिफ्ट २.६ वरून ३.० झाली. पिंट्याला जी चाकं गाडी ओढतात आणि वळवतात तीच त्याने हलकी होणार. "म्हणजे पुढं बी एक लावू?" म्हणे. हॅचबॅकला छताच्या मागच्या कडेला असलेला छोटा स्पॉयलर पुरे. तो हवेला नीट सुटायला कड देतो आणि कंपनीने तो बसवूनच दिला आहे.

मार्चमध्ये आकडे बिघडले. तीच गाडी, तीच ६ मिलिमीटरची पट्टी, हातातल्या पंखेवाल्या वारामापकावर तोच ९ मीटरचा वेग, आणि ड्रॅग ११.० ऐवजी १०.१. दांड्याचा खिळा बदलला, काटा पुन्हा कॅलिब्रेट केला, एक अख्खा रविवार वाया गेला. घाम पुसताना डोक्यात प्रकाश पडला. फेब्रुवारीतली मापं सकाळी १२ अंशांत घेतली होती, ही दुपारी ३७ अंशांत. तापलेली हवा विरळ होते. हिशेब केला तर फेब्रुवारीत घनमीटरला सुमारे १.१९ किलो, आता १.०९. आठ टक्के कमी हवा, म्हणून आठ टक्के कमी ड्रॅग, आणि लिफ्टही तेवढीच कमी. मेमध्ये ४५ अंशांत तर ती १.०६ वर येते. आपल्याकडे एकाच रस्त्यावर, एकाच वेगाला, उन्हाळ्यात गाडीला कमी हवा लागते, हे मला इतकी वर्षं ऊन खाऊनही सुचलं नव्हतं.

त्यामुळे वारामापक बाजूला ठेवला. सलाईनच्या नळीत निळं रंगवलेलं पाणी भरून ती दहास एक उतारावर तिरकी बसवली. एक टोक वाऱ्याकडे तोंड केलेल्या बारीक नळीला, दुसरं खोक्याच्या भिंतीतल्या भोकाला. आता वेगाऐवजी थेट दाब मोजतो, घनता त्यात आपोआप धरली जाते. साडेचार मिलिमीटरचा फरक उतारावर पंचेचाळीस दिसतो.

नळी होतीच, म्हणून होळीच्या आदल्या रविवारी शेवटचा प्रयोग केला. गाडीच्या डिकीवर, पट्टीच्या दोन बोटं पुढे, सुईने भोक पाडलं आणि आतून नळी जोडली. पट्टी नसताना पाणी १४ मिलिमीटर ओढलं गेलं. ६ मिलिमीटरची पट्टी लावताच ते उलट सरकलं आणि ४ मिलिमीटर दाब दाखवायला लागलं. मी इतके दिवस समजत होतो की पट्टी वाऱ्याचा मार खाऊन शेपटी दाबते. उभ्या पट्टीवर वारा मागे ढकलतो, खाली नाही. खालचा दाब येतो तो तिच्या पुढे तुंबलेल्या हवेचा, अख्ख्या डिकीवर. नदीवरच्या बंधाऱ्यामागे पाणी चढतं तसा. पट्टी चिमूटभर आणि काम करणारा पृष्ठभाग हातभर, हे त्या निळ्या पाण्यात स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं.

आणखी चार भोकं पाडून डिकी ते काच असा दाबाचा पूर्ण नकाशा काढायचा होता. पण रंगपंचमीच्या सकाळी गच्चीवर गेलो तर पंखा जागेवर नव्हता. आईने मेकॅनिकला बोलावून तो कूलरमध्ये बसवून घेतला होता, खसही नवी. स्ट्रॉची जाळी तिने नीट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. दिवाळीनंतर पट्टी उभी न ठेवता कोनात वाकवून बघणार आहे. तोवर कुणी तिरकी पट्टी मोजली असेल तर कोन आणि उंची दोन्ही कळवा, आणि त्या दिवशीचं तापमानही.